वाणात गेलेल्या एकवीस पेट्या

शनिवार, १५ जानेवारी २००५. संध्याकाळी सात वाजून वीस मिनिटांनी बिबवेवाडीतल्या एका सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर कौशल्याबाई निंभोरकर यांनी किवी नावाच्या फळाची एकविसावी पेटी हळदीकुंकवाचं वाण म्हणून दिली. साधारण त्याच सुमाराला मार्केट यार्डातल्या शीतगृहात त्यांचा मुलगा सुदर्शन एका हमीपत्रावर सही करत होता. आपला सगळा माल सरकारने जप्त केलेला असून निकाल लागेपर्यंत त्यातली एकही पेटी आपण विकणार नाही, कुणाला देणार नाही आणि जागेवरून हलवणार नाही, असं त्या हमीपत्रात लिहिलं होतं.

आई आणि मुलगा, दोघंही आपापल्या जागी समाधानात होते. आईला वाटत होतं, पुण्याला दाखवून दिलं. मुलाला वाटत होतं, थोडक्यात निभावलं.

निंभोरकर मूळचे वरूडचे, संत्र्यांचे व्यापारी. नागोराव निंभोरकरांनी दहा वर्षांपूर्वी पुण्यात गाळा घेतला. परदेशी फळांवरचे निर्बंध उठले तसा सुदर्शन आयातीत शिरला. आधी दुसऱ्यांबरोबर भागीत सफरचंदं आणली आणि या वर्षी पहिल्यांदा एकट्याच्या हिमतीवर इटलीहून किवीचा एक कंटेनर मागवला. पाच हजार चारशे पेट्या. गाळा, घर आणि बायको नम्रताच्या आयटीतल्या पगारावर मिळालेलं कर्ज, सगळं त्या कंटेनरच्या मागे उभं होतं. बंदरावर कीड-तपासणी झाली, इटलीच्या सरकारचा दाखला लागला, कर भरला गेला आणि संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माल पुण्यात उतरला.

वरूडला निंभोरकरांची एक रीत होती. नव्या मालाची पूजा झाली की पहिल्या काही पेट्या देवाच्या म्हणून बाजूला काढायच्या आणि घरी न्यायच्या. त्या मोजायच्या नाहीत. देवाचं काढलेलं मोजलं तर माल आटतो, असं नागोरावांचे वडील सांगत. त्यामुळे सकाळी नारळ फुटला, शेवटच्या पॅलेटची, म्हणजे पेट्या रचलेल्या लाकडी बैठकीची, जाळी सैल झाली आणि वरच्या एकवीस पेट्या रिक्षाने बिबवेवाडीला रवाना झाल्या. देवापुढे एक पेटी ठेवली असती तरी चाललं असतं. पण हा पहिला कंटेनर होता, आणि घरी त्याच संध्याकाळी हळदीकुंकू होतं.

दुपारी चारला अन्न खात्याच्या निरीक्षक दीक्षा गजभिये शीतगृहात आल्या. इटलीतल्या ज्या केंद्रात ही फळं पेटीबंद झाली होती, तिथलाच दुसऱ्या एका व्यापाऱ्याचा माल मुंबईत तपासला गेला होता. फळाला बुरशी लागू नये म्हणून मारतात ते औषध त्यात मर्यादेपेक्षा जास्त निघालं होतं. तेव्हा त्या केंद्राचा सगळा माल, कुणाचाही असो, तपासणी होईपर्यंत जागेवर थांबवायचा होता. दीक्षा गजभियेंनी नमुने घेतले, पॅलेट मोजली. वीस भरली. प्रत्येकावर कागदोपत्री दोनशे सत्तर पेट्या. शेवटच्या पॅलेटजवळ त्या थांबल्या.

"याची जाळी सैल का आहे?"

"पूजा केली, मॅडम."

"माल पूर्ण आहे?"

"पूर्ण आहे," सुदर्शन म्हणाला.

तो खोटं बोलला नव्हता. देवाचं काढल्यानंतर जे उरतं ते पूर्णच असतं, असं तो जन्मापासून ऐकत आला होता. पुढच्या शनिवारी पॅलेट सोडून एकेक पेटी मोजू, असं सांगून दीक्षा गजभियेंनी दाराला सील ठोकलं. सुदर्शनने सही केली आणि तो घरी निघाला.

सोसायटीच्या जिन्यात त्याला बायका भेटल्या. जरीच्या काळ्या साड्या, कपाळावर ताजं कुंकू आणि प्रत्येकीच्या हातात एक पेटी. जिना अरुंद. तो भिंतीला चिकटून उभा राहिला, तिघींना वाट दिली आणि चौथीसाठी खालचं दार धरून ठेवलं. पेटीवर हिरव्या अक्षरांत 'इटली' आणि त्याखाली 'निंभोरकर फ्रूट्स, मार्केट यार्ड, पुणे' असं लेबल होतं. आयात केलेल्या मालावर आयात करणाऱ्याचा पत्ता लागतो. ते लेबल त्याने स्वतः छापून घेतलं होतं. ते त्याला जिन्यात वाचता आलं, पण त्याचा अर्थ वर पोचल्यावर लागला.

"आई, देवाच्या पेट्या?"

"देल्या ना."

"कुणाला?"

"सवाष्णींले. अजून कोणाले देतात वाण?"

सुदर्शन सोफ्यावर बसला. त्याच्या मांडीखाली अत्तरदाणी आली. ती त्याने काढून बाजूला ठेवली आणि शीतगृहात काय झालं ते सांगितलं.

नागोराव आतल्या खोलीतून ऐकत होते. ते दारात आले. "म्या सांगतलं होतं, चहाच्या गाळण्या आन. पुण्यात वाण म्हंजे गाळणी. नाही, म्हने वरूडचं नाव झालं पाह्यजे. आता होते नाव."

"तुमी गप बसा," कौशल्याबाई म्हणाल्या. "पोराचं काय होते ते सांगा."

"मला कळत असतं तर मी वाण वाटू दिलं असतं का," असं नागोराव शुद्ध पुणेरीत म्हणाले. चिडले की ते पुणेरी बोलत.

नम्रता हिंजवडीच्या एका कंपनीत टीम लीड होती. तिने फोन उचलला. "आधी सगळ्यांना सांगायचं, खाऊ नका. बाकीचं नंतर."

तिने त्याच रात्री एकवीस फोन केले. फळांवरच्या औषधाची तपासणी चालू आहे, निकाल येईपर्यंत खाऊ नका. उत्तर बहुतेक घरांतून सारखंच आलं. खाणार कोण? बाहेरून केसाळ, हाताला दगडासारखं, वासाला काहीच नाही. शीतगृहातून निघालेली किवी पिकायला दिवस लागतात हे कुणाला माहीत नव्हतं. दोघींनी तो बटाट्याचा प्रकार समजून कांद्यांच्या टोपलीजवळ ठेवला होता. एकीने अख्खी पेटी तांदळाच्या कोठीत घातली होती, चिकू घालतात तशी. आणि बाराजणींकडे ती पेटी राहिलीच नव्हती. त्याच रात्री ती पुढच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून गेली होती, किंवा लेकी-बहिणींकडे पोचली होती.

सोमवारी सकाळी सुदर्शनने निरीक्षकबाईंना फोन लावला.

"मॅडम, मोजणीत एकवीस पेट्या कमी येतील. त्या घरी नेल्या होत्या, पूजेच्या. जप्तीच्या आधी."

"होत्या की आहेत?"

सुदर्शनने आईकडे पाहिलं. आई देव्हाऱ्याकडे पाहत होती.

"आहेत," तो म्हणाला.

"मग शनिवारी घेऊन या. एकवीसच्या एकवीस, टेप न काढलेल्या. एकही कमी असली तर हमीपत्र मोडलं असं मी लिहीन. मला दुसरं काही लिहिता येत नाही."

"तसं लिहिलं तर काय होतं, मॅडम?"

"तुमचा परवाना जातो, माल खड्ड्यात जातो आणि तुम्ही कोर्टात जाता. क्रम मागंपुढं होऊ शकतो." त्या जरा थांबल्या. "कुणी खाल्लं नाही ना?"

"कुणाला खाता येत नाही, मॅडम."

"तेवढं एक बरं आहे," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

पेट्या परत मागायच्या, इतकं साधं काम. नम्रता चप्पल घालून दुसऱ्या मजल्यावर हेमाताई दामल्यांकडे गेली. हेमाताई सोसायटीच्या चिटणीस होत्या आणि कोणत्याही प्रश्नावर त्यांचं मत आधीपासून तयार असे.

"पेटी परत हवी होती, काकू."

"वाण परत?"

"हो. अडचण आहे जरा."

"अगं, वाण परत करायचं म्हणजे तुझ्या सासूबाईंचं कुंकू पुसून हातात दिल्यासारखं. आमच्यात नाही चालत. तुमच्यात चालतं?"

नम्रताने वर येऊन सासूला विचारलं. कौशल्याबाईंनी दोन्ही कानांना हात लावले. वरूडमध्येही चालत नव्हतं. दिलेलं वाण मागे येत नाही, ते पुढेच जातं.

मग नम्रता हळूच म्हणाली, "पुढंच जातं ना? मग पुढं जात जात आपल्याकडं येऊ दे."

नागोराव म्हणाले, "म्हंजे?"

"म्हणजे ज्यांच्याकडे आत्ता पेटी आहे, त्यांच्या हळदीकुंकवाला आम्ही दोघींनी जायचं. त्या आम्हाला वाण देतील. नेटवर्कमध्ये पॅकेट असंच फिरतं, बाबा. शेवटी आपल्या पत्त्यावर पोचतं."

"न पोचलं तं?"

"तर हरवलं म्हणतात."

हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत कुठल्याही दिवशी करता येतं, ही एक सोय होती. हेमाताईंना हा मार्ग पटला, कारण त्यात कुणी काही परत करत नव्हतं. त्यांनी सोसायटीतल्या बायकांना असं काही समजावलं की सोमवारी संध्याकाळी एकाच इमारतीत पाच हळदीकुंकवं झाली. कौशल्याबाई आणि नम्रता पहिल्या मजल्यावरून सुरू झाल्या आणि पाचव्यावर पोचल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर कुंकवाचा थर नखाने खरवडण्याइतका झाला होता. पाच पेट्या मिळाल्या. शिवाय हेमाताईंनी दोघींना एकेक गाळणी दिली.

"माझी पेटी मुलीकडे आहे, श्रद्धाकडे. कोथरूडला," त्या म्हणाल्या. "शुक्रवारी आणते. तिच्याकडून मी, माझ्याकडून तुम्ही."

मंगळवारपासून खरी धावपळ सुरू झाली. पेट्या सहकारनगर, धनकवडी, सिंहगड रस्ता असं कुठंकुठं पांगल्या होत्या. नम्रताने दुपारनंतरची रजा टाकली. अमेरिकेतल्या क्लायंटने विचारलं की संध्याकाळी सहाच्या कॉलला ती का नसते. तिने 'फील्ड व्हिजिट्स' असं कळवलं. क्लायंटने 'गुड लक' लिहिलं. सुदर्शन रिक्षा घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभा राही. दोघी एका घरातून निघत, ओटीतले तांदूळ, हरभरे आणि बोरं रिक्षाच्या मागच्या पिशवीत ओतत आणि पुढच्या घरात शिरत. बुधवारपर्यंत त्या पिशवीत आठ गाळण्या, सहा कंगवे, साबणाच्या डब्या आणि एका बँकेची कॅलेंडरं जमली. सुदर्शनला गाळण्यांत रस नव्हता. तो दर वेळी फक्त एकच विचारी, "आली?"

धनकवडीत एका नव्या बंगल्यात यजमानीणबाईंनी पेटी दोन्ही हातांनी पुढे केली. "हे इटलीचं आहे बरं का. आमच्या ह्यांच्या ओळखीतून आलं. बाजारात मिळत नाही."

कौशल्याबाईंनी पेटीवरच्या आपल्या आडनावाकडे पाहिलं. मग वर पाहिलं. "हो का," त्या म्हणाल्या. "कसं खातात हो हे?"

"साल काढून, दुधातून. फार नाजूक असतं. पोटाला थंड."

"बाई बाई," कौशल्याबाई म्हणाल्या आणि पेटी पदराआड घेतली. बाहेर रिक्षात बसल्यावर त्या इतक्या हसल्या की रिक्षावाल्याने वळून विचारलं, आजींना बरं नाहीये का. नम्रता हसता हसता मीटरच्या खाली वाकली होती. सुदर्शन तेवढा हसला नाही. तो म्हणाला, "तेरा."

सहकारनगरात चौदावी मिळाली, पण तिची टेप कापलेली होती.

"एकच घेतलं," ती बाई म्हणाली. "गाजराच्या कोशिंबिरीत किसून घातलं. फार आंबट निघालं."

"खाल्लं तुम्ही?"

"मी नाही. ह्यांना वाढलं."

"मग त्यांना काही..."

"ते काही बोलले नाहीत. ते एरवीही बोलत नाहीत."

नम्रताने त्यांना बघू का असं विचारलं. बाई तिला आत घेऊन गेली. एक गृहस्थ आरामखुर्चीत वर्तमानपत्र वाचत होते. नम्रताने त्यांना कसं वाटतंय असं विचारलं. त्यांनी वर्तमानपत्र खाली केलं, तिच्याकडे बघून मान डोलावली आणि परत वर केलं. तिने आपला नंबर दिला आणि दोन दिवस सकाळ संध्याकाळ फोन केला. दोन्ही दिवस बाईंनीच फोन उचलला आणि 'वाचताहेत' एवढंच सांगितलं.

कात्रजच्या एका घरी पेटी गिफ्टच्या चमचमत्या कागदात गुंडाळलेली होती. वर कुठल्याशा लग्नाचं कार्ड चिकटलेलं होतं. ती तीन घरांतून आली होती आणि चौथ्या घरी एका वाढदिवसाला जाणार होती. कौशल्याबाईंनी त्या घरच्या आजींना वाकून नमस्कार केला आणि त्यांच्यासमोर हात पसरून बसून राहिल्या. आजींनी आधी सोफ्याचं कव्हर दिलं, मग फोटोची चौकट, मग चमचे. कौशल्याबाई हलल्या नाहीत. शेवटी आजी म्हणाल्या, "नेमकं काय पाहिजे ते सांगा ना, बाई." आणि पेटी मिळाली.

एक पेटी घरकामाच्या सरुबाईंनाच मिळाली होती आणि त्यांनी ती मंडईतल्या भावाला देऊन टाकली होती. भावाचं नाव सोनबा. त्याचा फळांचा गाळा होता. सुदर्शन गुरुवारी मंडईत पोचला तेव्हा पेटी गाळ्याच्या सगळ्यात वर, सफरचंदांच्या मनोऱ्याच्या टोकावर ठेवलेली होती. वर झेंडूची माळ होती.

"केवढ्याला?" सुदर्शनने विचारलं.

"इकायची न्हाई."

"का?"

"शोभा हाय ती. सील हाय, इटलीची हाय. आत काय हाय ते मलाबी म्हाईत न्हाई. पण गिऱ्हाईक थांबतंय, इचारतंय, मग सफरचंद घेऊन जातंय."

सुदर्शनने दोन पेट्या सफरचंदं देऊ केली. सोनबा म्हणाला, तीन. सुदर्शनने तीन दिल्या. मग सोनबाने पेटी खाली उतरवली, तिच्यावरची माळ काढून सफरचंदांना घातली आणि म्हणाला, "नीट धरा साहेब. लई महागाची वस्तू असल."

"हाय," सुदर्शन म्हणाला.

गुरुवारी संध्याकाळी घरात वीस पेट्या उभ्या होत्या. एकोणीस टेप न तोडलेल्या, एक तोडलेली आणि एका फळाने हलकी. नागोरावांनी त्या आपल्या हाताने मोजल्या. देवाच्या होत्या तरी मोजल्या.

राहिली ती हेमाताईंची.

शुक्रवारी सकाळी साडेसहाला बेल वाजली. हेमाताई गाऊनवर शाल घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांचं मत, कधी नव्हे ते, तयार नव्हतं.

"श्रद्धाचा फोन होता," त्या म्हणाल्या. "पेटी शिकागोला आहे."

त्यांचा जावई दत्तप्रसाद सॉफ्टवेअरमध्ये होता. बुधवारी रात्री तो कंपनीच्या कामासाठी अमेरिकेला गेला. श्रद्धाने पेटी त्याच्या बॅगेत घातली होती, तिकडच्या टीमला द्यायला. आईने शुक्रवारी पेटी लागेल असं सांगितलं होतं, पण का ते सांगितलं नव्हतं. श्रद्धाने विचार केला, आईला दुसरं काहीतरी देता येईल.

सुदर्शनने त्याच्या हॉटेलचा नंबर घेतला आणि फोन लावला. तिकडे गुरुवारची संध्याकाळ होती.

"पेटी कुठंय?"

"तो ट्रे? त्यांनी घेतला ना, एअरपोर्टवर," दत्तप्रसाद म्हणाला. "बॅगा यायच्या तिथं एक कुत्रा असतो. छोटासा, अंगात हिरवं जाकीट. तो माझ्या बॅगेजवळ येऊन बसला. फक्त बसला. मग एक बाई आली, व्हेरी पोलाइट. बॅग उघडली, ट्रे घेतला, थँक यू म्हणाली."

"तू कुत्र्याला काही बोलला नाहीस ना?"

"काय बोलणार?"

"फॉर्मवर लिहिलं होतंस, फळ आहे म्हणून?"

"हो, डिक्लेअर केलं. म्हणून फाइन नाही लागला. रिसीट दिली त्यांनी."

"दत्तप्रसाद, श्रद्धाने ते का दिलं?"

"म्हणाली इंडियाची आठवण म्हणून दे. वर पुण्याचा पत्ता होता ना."

"फळ इटलीचं आहे."

"ते त्यांनीही विचारलं," दत्तप्रसाद म्हणाला. "मला उत्तर देता आलं नाही."

पावती फॅक्सने आली. अमेरिकेच्या सरकारचा शिक्का, तारीख, 'ताजी किवी, एक पेटी, प्रवाशाकडून ताब्यात घेतली' आणि पुण्याचा पत्ता.

शनिवारी सकाळी दीक्षा गजभिये शीतगृहात आल्या. सील जसंच्या तसं होतं. त्यांनी ते तोडलं. आतमध्ये फ्रिजसारखी थंडी होती. सगळ्यांनी स्वेटर घातले होते, नागोरावांनी कानटोपीही. ते उगाचच आले होते.

"ताई, तुमी नागपूरच्या ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मंग आपल्याच झाल्या."

"मोजणी होईपर्यंत नाही, काका."

मोजणीला तीन तास लागले. आतमध्ये पाच हजार तीनशे एकोणऐंशी पेट्या निघाल्या. बाहेरून आणलेल्या वीस शेजारी मांडल्या. दीक्षा गजभियेंनी तुटलेली टेप पाहिली, एक रिकामा खळगा पाहिला.

"हे?"

"कोशिंबिरीत," सुदर्शन म्हणाला. "एका गृहस्थांनी. रोज फोन करतोय, ठीक आहेत."

"त्यांचं नाव, पत्ता द्या. डॉक्टरांकडून तपासून घ्या आणि कागद मला आणून द्या." त्यांनी लिहून घेतलं. "आणि एकविसावी?"

सुदर्शनने फॅक्स पुढे केला. त्यांनी तो एकदा वाचला. मग पहिल्या ओळीपासून परत वाचला.

"म्हणजे मी जप्त केलेली पेटी अमेरिकेने जप्त केली."

"हो, मॅडम."

"हमीपत्रात 'जागेवरून हलवणार नाही' असं आहे."

"हो."

"शिकागो म्हणजे हलवणंच झालं."

"हो, मॅडम."

"आणि तुम्ही मला फोनवर 'आहेत' म्हणालात."

"हो, मॅडम. ते चुकलं. त्या वेळी घरात एकही नव्हती."

दीक्षा गजभियेंनी पाठ फिरवली आणि त्या पॅलेटकडे तोंड करून उभ्या राहिल्या. बराच वेळ उभ्या राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते. नागोरावांनी काळजीने विचारलं, "ताई, काय झालं?"

"थंडी आहे," त्या म्हणाल्या. आवाज नीट नव्हता.

बाहेर आल्यावर त्यांनी चहा घेतला नाही. कागद पुढे ओढला आणि पेन उचललं, पण लिहिलं नाही. "कमी आहे असं लिहावं, तर ती कुठे आहे याचा सरकारी पुरावा आहे. पूर्ण आहे असं लिहावं, तर ती इथे नाही. नापास ठरली तर आम्हीच ती नष्ट केली असती. ते काम त्यांनी बहुधा केलंय. पण नापास व्हायच्या आधी केलंय." त्यांनी शेवटी दोन्ही गोष्टी लिहिल्या, खाली सही केली आणि दाराला नवं सील ठोकलं. काय करायचं ते मुंबईला विचारणार होत्या.

"परवाना, मॅडम?" सुदर्शनने विचारलं.

"आज गेलेला नाही."

मुंबईने दिल्लीला विचारलं. दिल्लीने अजून काही कळवलेलं नाही. नमुन्याचा अहवाल यायचा आहे. सहकारनगरच्या गृहस्थांचा रक्ततपासणीचा कागद मात्र आला आणि त्यात काही निघालं नाही.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात निंभोरकर फ्रूट्सच्या पत्त्यावर अमेरिकेहून एक पत्र आलं. आपण भारतातून ताजी किवी अमेरिकेत पाठवलेली दिसते, तिच्यासोबत भारत सरकारचा कीडमुक्तीचा दाखला नव्हता, तरी खुलासा करावा. सुदर्शनला आयातीचे कागद शिकायला दोन वर्षं लागली होती. आता त्याला निर्यातदार म्हणून उत्तर द्यायचं होतं. नागोराव म्हणाले, "एकाच आठोड्यात आयात बी केली, निर्यात बी. आमच्या वरूडात कोनी केलं नाही असं."

पत्रात खाली एक ओळ होती. पेटीतली फळं नियमाप्रमाणे नष्ट केली आहेत, मात्र तपासणीसाठी एक फळ ठेवलं आहे. सुदर्शनने ते पत्र दीक्षा गजभियेंना नेऊन दाखवलं. त्यांनी ती ओळ बोट ठेवून दोनदा वाचली.

"फक्त कीड बघतात का हो ते? की औषधही?"

"माहीत नाही, मॅडम."

"विचारा. आमच्या अहवालाला अजून वेळ आहे. त्यांनी औषध तपासलं असेल, तर तुमच्या मालाचा पहिला निकाल तिकडूनच येईल. मी तो मान्य करीन की नाही ते मला माहीत नाही. पण मला बघायचाय."

सुदर्शनने शिकागोला विचारणा केली. मंगळवारी, ८ फेब्रुवारीला दुपारी उत्तराचा फॅक्स आला. संबंधित फळ प्रयोगशाळेत आहे, तपासणी सुरू आहे, निष्कर्ष निघाल्यावर पुण्यातील निर्यातदारास कळवण्यात येईल, एवढंच त्यात लिहिलं होतं; तपासणी किडीची की औषधाची, ते नव्हतं.